काळ्या मण्यांतला शहा

बर्फ भुरभुरत होतं आणि महलका खानम अंगणातल्या हौदाच्या काठावर बसून नवऱ्याचा सदरा धूत होत्या. या बाईंनी स्वतःच्या हातानं कपडे धुतलेले मी तीन वर्षांत पाहिले नव्हते. हौदावर बर्फाची पातळ साय धरली होती. ती मुठीनं फोडून त्या पाणी घेत, सदरा चोळत, उजेडाला धरून बघत आणि पुन्हा बुडवत.

मी वरच्या खिडकीतून हे पाहिलं आणि शाल गुंडाळून खाली धावले. म्हटलं, खानम-जान, बोटं गळून पडतील, आत चला, मी पाणी तापवते. त्यांनी मान वर केली नाही. तुरुंगातून कर्नलसाहेबांचे कपडे आलेत, एवढंच म्हणाल्या. मी शेवटची पायरी उतरणार तोच त्यांनी ओला हात उचलला.

"तू जवळ येऊ नकोस. तुला दिवस गेलेत."

गार पाण्यासाठी म्हणत असतील असं समजून मी मागे फिरले.

एकोणऐंशी सालचा फेब्रुवारी संपत आला होता. माझे यजमान इराणमधल्या एका डोंगरी गावात सरकारी दवाखान्यात नोकरीला होते. मी त्यांना तेव्हाही डॉक्टरच म्हणायचे, आजही म्हणते. त्या काळी आपल्याकडचे पुष्कळ डॉक्टर तिकडे जात. मी कऱ्हाडहून उठून गेलेली शेणोलीकरांची नवी सून. कर्नलसाहेबांच्या घरी वरच्या मजल्यावर आम्ही भाड्यानं राहायचो. 'कुठे दुखतं' आणि 'जीभ दाखवा' याच्या पलीकडे डॉक्टरांना फारसी कधी आली नाही. मला मात्र महलका खानमनी स्वयंपाकघरात बसवून शिकवली. एकेक वस्तू हातात द्यायच्या आणि नाव म्हणून घ्यायच्या. हौद, मेज, पंजा, दवा. निम्मे शब्द आमचेच निघाले तेव्हा दोघी खूप हसलो होतो. माहेरी आई नाही म्हटल्यावर त्यांनी मला 'दुख्तरम' म्हणायला सुरुवात केली. दुख्तर म्हणजे मुलगी.

मग त्या हिवाळ्यात राज्य उलथलं. शहा देश सोडून गेला आणि गावोगाव नव्या कमिट्या बसल्या. कर्नलसाहेब पोलिसातले, निवृत्तीला टेकलेले. एका सकाळी बंदुका घेतलेली माणसं आली आणि त्यांना घेऊन गेली. त्यांनी फक्त पायात जोडे चढवले आणि जाताना माझ्याकडे बघून 'खुदा हाफिज' म्हणाले. त्यानंतर घराची दोनदा झडती झाली. जिथे शहाचं तोंड होतं ते सगळं गेलं, तसबिरी, जुनी कॅलेंडरं, पत्रांवरची तिकिटंसुद्धा. पलीकडच्या गल्लीत एका मास्तरांच्या कपाटामागे शहाचा फोटो सापडला. मास्तरांना विचारपूस करायला म्हणून नेलं, ते परत आले नाहीत. बायका नानवाईच्या, म्हणजे रोटीवाल्याच्या, दुकानात रांगेत उभ्या राहायच्या, पण एकमेकींशी बोलायच्या नाहीत. मी गेले की रांग आणखीच गप्प व्हायची, कारण मी कर्नलच्या घरातली.

विमानं पुन्हा सुरू झाल्याचा निरोप त्या सदरा धूत होत्या त्याच दिवशी दुपारी आला. दुसऱ्या दिवशी सकाळी तेहरानला जायला गाडी ठरली. मी भराभर बॅगा भरत होते, तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. महलका खानम गुडघ्यांमुळे कधी जिना चढत नसत. त्या वर आल्या, दार लोटून घेतलं, रुमालाची गाठ सोडली आणि मेजावर एक सोन्याचं नाणं ठेवलं.

आपल्या जुन्या पावलीएवढं असेल. एका बाजूला तुरा लावलेली टोपी घातलेला, पिळदार मिशांचा माणूस. दुसऱ्या बाजूला पानांच्या वेलात फारसी अक्षरं. वर एक बारीकशी कडी डाग देऊन बसवलेली, झिजून तारेसारखी झालेली. काजार घराण्यातल्या नासिरुद्दीन शहाचं नाणं आहे, असं त्यांनी सांगितलं. म्हणजे जो पळून गेला त्या शहाच्या घराण्याच्याही आधीचं, त्यांच्या सासऱ्याच्या आजोबांच्या वेळचं. त्यांचा एकुलता एक मुलगा सियामक पुण्यात शिकायला होता. हे नाणं त्याच्या हातात द्यायचं, एवढंच काम.

डॉक्टर चांगल्या मनाचे, पण भित्रे नव्हेत असं म्हणता येणार नाही. त्यांनी मला भाषांतर करायला लावून समजुतीनं सांगितलं, की रस्त्यात झडत्या होताहेत, सोनं बाहेर न्यायला बंदी आहे, आणि त्यात हे राजाचं तोंड. मुलाला पैशाची अडचण असेल तर आम्ही पुण्यात पोचल्याबरोबर पदरचे देऊ, परत मागणार नाही.

खानमनी शांतपणे ऐकून घेतलं. "पैसे नकोत," त्या म्हणाल्या. "हेच."

डॉक्टरांनी हात जोडले. खानमनी नाणं रुमालात बांधलं आणि भिंतीला धरून एकेक पायरी उतरत खाली गेल्या. वाद नाही, रडणं नाही. त्यांचा तो हात भिंतीवरून सरकत गेलेला मला अजून दिसतो.

तिन्हीसांजेला मी त्यांची भांडी परत द्यायला खाली गेले. त्या दिवा न लावता बसल्या होत्या. मी भांडी ठेवली आणि नुसता तळहात पुढे केला. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग रुमाल न सोडताच माझ्या हातात दिला आणि माझी बोटं स्वतःच्या दोन्ही हातांनी मिटली. त्यांचे हात अजून गारच होते.

मी विचारलं, "बाबा कसे आहेत असं तो विचारेल. काय सांगू?"

"तुला ठाऊक आहे तेच सांग. तुला जास्त काही ठाऊक नाही, तेच बरं आहे."

डॉक्टरांना मी काही बोलले नाही. सकाळी न्हाणीत कडी लावून मंगळसूत्र काढलं. लग्नानंतर पहिल्यांदाच गळा मोकळा झाला. दोरा सोडून दोन वाट्यांच्या मध्ये ते नाणं ओवलं, तोंड आतल्या बाजूला. आपल्याकडे बायका पुतळ्या नि मोहरा गळ्यात घालतातच. वरून ब्लाउज, स्वेटर, कोट, डोक्याला रुमाल. आरशात काही दिसत नव्हतं, पण धातू गार होता आणि छातीशी टेकला की अंगावर काटा यायचा.

निघताना महलका खानमनी आमच्या मागे रस्त्यावर वाटीभर पाणी शिंपडलं. जाणारा माणूस सुखरूप परत यावा म्हणून तिकडे तसं करतात.

रस्ता डोंगरातून होता. टॅक्सीवाला बर्फातून सावकाश गाडी काढत होता. दुपारी एका पेट्रोल पंपापाशी रस्त्यात पिंप आडवी टाकलेली दिसली. बंदुका घेतलेली पाच-सहा माणसं शेकोटीभोवती उभी. त्यांनी आम्हाला उतरवून पंपाच्या कचेरीत नेलं. टॅक्सीवाल्याला बाहेरच ठेवलं आणि बॅगा बर्फात उघडल्या. माझ्या साड्या, डॉक्टरांची पुस्तकं, आईची पोथी, एकेक वस्तू झटकून खाली टाकत होते.

आत टेबलामागे लष्करी कोट घातलेला एक दाढीवाला बसला होता. आवाज अगदी हळू, एखाद्या शाळामास्तरासारखा. त्यानं आमचे पासपोर्ट पाहिले, मग राहण्याच्या परवान्याचा कागद पाहिला आणि त्यावरच्या पत्त्याशी येऊन त्याचं बोट थांबलं.

"हे घर कर्नलचं."

मी म्हटलं, आम्ही तिथे भाड्यानं राहत होतो.

तो म्हणाला की ते त्याला ठाऊक आहे. त्या घरातून चोरून माल बाहेर जातोय असंही त्यानं ऐकलंय. मग त्यानं माझ्याकडे न बघता डॉक्टरांकडे बघत एकच प्रश्न विचारला, अगदी सावकाश. त्या घरातली एखादी वस्तू, कागद, सोनं, चिठ्ठी, एखादं बटणसुद्धा तुमच्याबरोबर आहे का? आणि मला म्हणाला, "जसं विचारलं तसं सांग त्याला."

मी डॉक्टरांना मराठीत सांगितलं. त्या खोलीत आम्हा दोघांशिवाय मराठी कुणालाच कळत नव्हतं. त्याच वाक्याला जोडून मी म्हणू शकले असते, अहो, माझ्या गळ्यात आहे. शब्द अगदी ओठांवर आला होता. पण डॉक्टरांचा चेहरा म्हणजे उघडं पुस्तक. मी फक्त प्रश्न सांगितला.

डॉक्टरांना आपल्या खरेपणाचा केवढा धीर आला! ते ताठ बसले. "सांग त्याला, सुईसुद्धा नाही. म्हणावं, तिच्या पोटातल्या माझ्या बाळाची शपथ." आणि त्यांनी माझ्या पोटाकडे हात केला.

मी दाढीवाल्याला म्हटलं, "नाही म्हणतात."

तो हसला नाही की रागावला नाही. "तो यापेक्षा जास्त बोलला. तुझ्याकडे हात केला. पुरं सांग."

मी डॉक्टरांकडे पाहिलं. ते मला मानेनं सांगत होते, सांग ना, सांग. मग मी सांगितलं. ती शपथ मी माझ्या तोंडानं फारसीत उच्चारली. माझं बाळ, त्यांची शपथ, आणि ते नाणं छातीशी, कोटाच्या आत, एव्हाना माझ्याच अंगाच्या उबेनं गरम झालेलं. त्या क्षणी पोटात काहीतरी हललं. चौथा महिना होता, बाळ हलण्याचे दिवस नव्हते. भीतीनंच हललं असणार, पण मला ते बाळच वाटलं.

दाढीवाल्यानं थोडा वेळ विचार केला. जन्माला न आलेल्या लेकराची शपथ माणूस सहसा खोटी घेत नाही, असं काहीसं तो शेजारच्याशी बोलला. मला वाटलं सुटलो. मग त्यानं मागच्या दाराकडे बघून हाक मारली आणि मला सांगितलं, "तू आत जा. बाईमाणूस आहे तिथे."

आतली खोली म्हणजे पंपाचं कोठार. ऑइलचे डबे, एक रॉकेलची शेगडी, आणि काळी चादर घेतलेली पन्नाशीची बाई. तिनं चादरीची टोकं दातात धरली होती, म्हणजे हात मोकळे राहतील. तिनं मला कोट काढायला सांगितला, मग स्वेटर. शिवणी चाचपल्या, केसांचा अंबाडा सोडायला लावला. बोटं जाड होती आणि त्यांना कांद्याचा वास येत होता. मग तिचा हात गळ्याशी आला, तिला काळे मणी लागले, आणि तिनं मंगळसूत्र वर ओढलं.

नाणं तिच्या तळहातावर पालथं पडलं. अक्षरांची बाजू वर.

तिनं ते शेगडीच्या उजेडात धरलं. तिचे डोळे अक्षरांवरून फिरत नव्हते, नुसते टेकले होते. तिला वाचता येत नव्हतं. पण दारापलीकडे वाचता येणारा बसला होता. तिनं नाणं उलटलं. तुरा, टोपी, मिशा. कितीतरी वेळ ती त्या तोंडाकडे बघत राहिली.

"हे काय आहे?"

मी म्हटलं, आमच्यात लग्नात नवरा हे बायकोच्या गळ्यात बांधतो. काळे मणी असतात, सोनं असतं. नवरा जिवंत आहे तोवर काढत नाहीत.

"आणि हा कोण?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "आमच्याकडचा राजा आहे."

दातातली चादर तिनं सोडली. बाहेर कुणीतरी माझी बॅग आपटली त्याचा आवाज आला. दाढीवाला डॉक्टरांना काहीतरी विचारत होता आणि डॉक्टर आपल्या मोडक्या फारसीत पुन्हा पुन्हा 'दवाखाना, दवाखाना' म्हणत होते. त्या बाईनं दाराकडे पाहिलं. तोंड उघडलं, हाक मारायला उघडलं असंच मला वाटलं. मी डब्यांच्या चळतीला धरलं.

"कितवा महिना?" तिनं विचारलं.

मी चार बोटं दाखवली.

तिनं नाणं सोडलं. ते ब्लाउजच्या आत घातलं, स्वेटर माझ्या डोक्यावरून चढवला, कोटाची बटणं खालपासून वरपर्यंत स्वतः लावली, अगदी गळ्याचंसुद्धा, आणि दाराकडे तोंड करून मोठ्यानं म्हणाली, "काही नाही हिच्याजवळ." मग केसांचा रुमाल बांधता बांधता माझ्या कानाशी आली.

"पुढे आणखी दोन ठिकाणी थांबवतील. छातीवर हात नेऊ नकोस. आत आल्यापासून तुझा हात तिथेच होता."

तिला काय कळलं होतं आणि काय नव्हतं, ते मला कधीच कळलं नाही. पुढे दोन ठिकाणी आम्हाला खरंच थांबवलं. मी दोन्ही हात मांडीवर एकमेकांत घट्ट गुंतवून बसले. नखं रुतून हाताला वळ उठले.

विमान समुद्रावर आलं तेव्हा मी डॉक्टरांना सांगितलं. सांगायचं नव्हतं, पण ती शपथ मला एकटीला पेलवेना. ते आधी समजलेच नाहीत. मग मी कोटाचं बटण काढून दाखवलं. त्यांनी एकदा पाहिलं आणि खिडकीकडे तोंड फिरवलं. मला वाटलं, संपलं आता आपलं. मुंबईला उतरायच्या आधी पट्टे बांधताना म्हणाले, "आधी सांगितलं असतंस तर मी तिथे सगळं ओकून टाकलं असतं." आणि हात पुढे करून त्यांनी ते वरचं बटण लावलं.

बाळ धडधाकट जन्माला येईपर्यंत, पाच महिने, मी धड झोपले नाही. पण ते पुढचं.

पुण्यात दिरांच्या घरी उतरलो आणि तिसऱ्याच दिवशी सियामकला शोधत गेलो. कॉलेजच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या घेऊन तो राहत होता. दार उघडलं आणि समोर महलका खानमच्या भुवया. उंच, वाळका, वीस-एकवीस वर्षांचा मुलगा. खोलीत सगळीकडे सामान बांधून ठेवलेलं. आम्ही कोण ते कळल्यावर त्याला इतका आनंद झाला की बसायला खुर्ची देताना त्यानं चादरीसकट उशी खाली पाडली. पुढच्या गुरुवारी तो घरी निघाला होता. काकाचं पत्र आलं होतं, बाबांची सुटका होणार आहे, कागदावर मुलाची सही लागते, लगेच निघून ये. ते सांगताना तो स्टोव्ह पेटवत होता. आईनं काय काय पाठवलं असेल त्याचे अंदाज करत होता. पिस्ते? मोजे?

मी मंगळसूत्रातून नाणं काढून रुमालात बांधून आणलं होतं. तो रुमाल मी टेबलावर सोडला.

तो काडी हातात धरून तसाच उभा राहिला. काडी बोटांपर्यंत जळत आली तेव्हा डॉक्टरांनी उठून फुंकर मारली.

"हे कुणी दिलं?"

मी म्हटलं, तुमच्या आईनं.

"बाबांनी नाही?"

बाबा तुरुंगात आहेत, त्यांची आमची भेट झाली नाही, असं मी सांगितलं. मला ठाऊक होतं तेच सांगितलं. त्यानं नाणं उचललं नाही. नुसतं एका बोटानं ती झिजलेली कडी चाचपली. मग खाली बसला आणि भिंतीकडे बघत बोलू लागला, जणू दुसऱ्या कुणाची गोष्ट सांगतोय.

"हे बाबांच्या दंडावर असतं. कातडी पट्टीत शिवलेलं. आजोबा गेले त्या दिवशी त्यांच्या दंडावरून सोडलं आणि बाबांच्या दंडाला बांधलं. मी तेव्हा सहा वर्षांचा होतो, मी पाहिलंय. जिवंत माणसाच्या अंगावरून ते काढत नाहीत."

डॉक्टरांना फारसी कळली नाही. ते माझ्याकडे बघत होते, काय म्हणतो म्हणून. मला मात्र ते अंगण दिसत होतं. हौदावरची ती साय, उजेडाला धरलेला सदरा, 'तू जवळ येऊ नकोस' म्हणून उचललेला तो हात. पोटुशी बाईनं गार पाण्याला नव्हे, गेलेल्या माणसाच्या कपड्यांच्या पाण्याला शिवू नये म्हणून त्यांनी मला अडवलं होतं. कपडे धुवायला आलेच नव्हते. घरी परत आले होते. आणि ते धुऊन, हात पुसून, ही बाई गुडघे दुखत असताना जिना चढून वर आली होती, आणि आम्ही तिला पैसे देऊ केले होते.

"मग काकाचं पत्र?" शेवटी मी विचारलं.

"काकाचं अक्षर आहे. कुणी उभं राहून लिहून घेतलं असेल." तो थांबला. "हे घरातच हातात द्यायचं असतं. सगळ्यांसमोर. आईनं ते बाहेर पाठवलं. म्हणजे मी येऊ नये."

मी डॉक्टरांना मराठीत सगळं सांगितलं. ते उठले, काहीच न सुचून त्यांनी त्या पोराच्या खांद्यावर हात ठेवला. तेव्हा तो रडला. आवाज न करता, तोंड उघडं टाकून. रडून झाल्यावर त्यानं शर्टाची बाही वर केली आणि नाणं डॉक्टरांपुढे धरलं. घरातल्या वडीलधाऱ्या पुरुषानं बांधायचं असतं म्हणाला. पट्टी नव्हती. डॉक्टरांनी स्वतःचा रुमाल फाडला आणि जखमेला पट्टी बांधतात तसं नीट, दोनदा वेढा देऊन, गाठ आतल्या बाजूला घेऊन बांधलं.

मग त्यानं बॅगेतून पासपोर्ट आणि तिकीट काढून डॉक्टरांच्या हातात दिलं. म्हणाला, "तुमच्याजवळ ठेवा. मी मागितलं तरी देऊ नका."

त्यानं मागितलं. आम्ही पुण्यातच बिऱ्हाड केलं होतं, डॉक्टर एका दवाखान्यात लागले होते. एप्रिलमध्ये एका दुपारी तो आला आणि दारातच उभा राहून पासपोर्ट मागू लागला. आई एकटी आहे, तिला कोण बघतं, तुम्ही कोण मला अडवणार. डॉक्टर घरी नव्हते. मी कपाटाला पाठ लावून उभी राहिले. पोट पुढे आलेलं, आणि तो उंच मुलगा माझ्यावर ओरडतोय. त्या कोठारात वाटली होती तशीच भीती मला वाटली, फरक इतकाच की आता ती त्याच्यासाठी होती. मी कपाटापासून हलले नाही. ओरडून ओरडून त्याचा आवाज बसला. मग तो जमिनीवर बसला. मी त्याला ताट वाढलं. तो जेवला.

पुढे पावसाळ्यात पुन्हा एकदा आला, पण त्या वेळी ओरडला नाही. नंतर मागायला आला नाही. रविवारी जेवायला यायचा आणि आमच्या मुलीला कडेवर घेऊन गच्चीत फिरवायचा.

महलका खानमची काहीच खबर नव्हती. पत्र टाकायची सोय नव्हती, त्यानं त्यांच्यावरच काही ओढवलं असतं. पुढच्या वर्षी मार्चात, त्यांचं नवं वर्ष लागलं त्या आठवड्यात, खाली घरमालकांकडे माझ्यासाठी फोन आला. रविवार होता. सियामक वर जेवत होता. मी रिसीव्हर कानाला लावला तर नुसती खरखर, आणि खरखरीच्या पार पलीकडून, "दुख्तरम?"

त्या बहिणीच्या गावी होत्या, तिथल्या टपालकचेरीतून बोलत होत्या; निघताना मी लिहून दिलेल्या दिरांच्या नंबरावरून त्यांनी हा नंबर मिळवला होता. फोनवर कोण ऐकत असेल ते दोघींनाही ठाऊक होतं. त्यांनी मुलगा झाला की मुलगी ते विचारलं. दात आले का विचारलं. डॉक्टरांचं पोट आता बरं असतं का ते विचारलं. मुलाचं नाव त्यांनी घेतलं नाही. मग दोघी गप्प झालो, आणि मला कळलं की त्या थांबल्यात.

मी म्हटलं, "खानम-जान, आमच्याकडे एक पाहुणा येतो दर रविवारी. आत्ताही जेवतोय."

नुसती खरखर उरली. मला वाटलं फोन तुटला.

"पोटभर जेवतो?"

"भात दोनदा घेतो."

"त्याला वांगं घालू नकोस," महलका खानम म्हणाल्या. "त्याचे ओठ सुजतात."

आणि फोन तुटला. मी जिन्याकडे वळून हाक मारली तोवर तो अर्धा जिना उतरून आलाच होता, हात खरकटा, तोंडात घास. त्यानं माझ्या हातातला रिसीव्हर पाहिला. काय म्हणाली, असं त्यानं नुसतं मानेनं विचारलं. मी सांगितलं.

वर्षभर दर रविवारी मी त्याला भरलं वांगं वाढत आले होते, आमच्याकडची खासियत म्हणून, आग्रह करकरून. तो तिथेच पायरीवर बसला आणि हसायला लागला. ओठांवरून उलटा हात फिरवत होता आणि हसत होता. मी त्याच्या शेजारी बसले.